शब्द चुकला, तक्रार नाही

वाचकाचा प्रश्न

(सांगली जिल्ह्यातून इंग्लंडला गेलेल्या एका वाचकाच्या पत्राचा हा सारांश. नाव आणि गाव वगळलं आहे.)

अडीच वर्षांपूर्वी केअररच्या, म्हणजे केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करण्याच्या नोकरीवर इथे आले. नवरा आणि तेरा वर्षांचा मुलगा सोबत आहेत. इंग्रजीची परीक्षा पास होऊन आले, पण इथे लोक बोलतात ते त्या परीक्षेत नव्हतंच. पहिल्याच आठवड्यात सीनियरने 'डू द वॉशिंग अप' सांगितलं, तर मी कपड्यांचं मशीन लावून आले आणि कपबश्या सिंकमध्ये तशाच राहिल्या. एक आजोबा रोज काहीतरी खोटंच सांगतात आणि मग म्हणतात, 'आय वॉज पुलिंग युअर लेग.' मला कित्येक दिवस वाटायचं, हे माझे पाय ओढतायत, मला कामावरून काढायला बघतायत. आणि आता गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रपाळीची सहकारी तिच्या वाट्याच्या दोन खोल्यांचे कपडे आणि एका आजींचं अंग पुसणं माझ्यावर टाकून वीस मिनिटं आधी निघाली. अशी ही तिसरी वेळ. मी सगळ्यांसमोर म्हणाले, 'यू आर चीटिंग मी.' ती रडत मॅनेजरकडे गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, आणि बोलताना जपत जा अशी समज मलाच मिळाली. नवरा म्हणतो, कामापुरतं बोल, बाकी तोंड बंद ठेव. मुलगा म्हणतो, आई, तू स्लँग शीक. मी वहीत फसवण्याचे, गंडवण्याचे, बनवण्याचे दीडशे इंग्रजी शब्द उतरवलेत आणि पाठ करतेय. पण तोंडातून काढायची भीती वाटते. कोणाचं ऐकू?

उत्तर

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं, आणि मला सगळ्यात आधी त्या वीस मिनिटांबद्दल बोलायचंय. तुमच्या पत्रात ती एका वाक्यात येऊन जातात आणि पुढे सगळी शब्दांची चर्चा होते. मॅनेजरच्या खोलीतही तसंच झालं असणार. तुम्ही काय म्हणालात यावर सगळे बोलले. तुमच्यावर तिसऱ्यांदा दुसऱ्याचं काम पडलं, हे मात्र कोणी विचारलं नाही. तुम्हीसुद्धा ते मागे सोडून दिलंत आणि वही घेऊन बसलात. शब्द चुकला हे खरं. तक्रार चुकली नव्हती.

आता तो शब्द. आपल्याकडे 'चीटिंग' हा शब्द खेळातून आला. सापशिडीत एक घर जास्त सरकवलं, लगोरीत आऊट होऊनही मैदान सोडलं नाही, की 'ए, चीटिंग करतोस!' असं ओरडायचं. रडीचा डाव, चिडी, चीटिंग, सगळे एकाच पंगतीतले. त्यामुळे तुमच्या मनात त्या शब्दाचं वजन छटाकभर होतं. वाटणीचं काम टाकून कोणी निघून गेलं तर मराठीत आपण सहज म्हणतो, 'ही चीटिंग आहे हं.' समोरचीही ओशाळं हसते आणि विषय मिटतो.

इंग्रजीत पत्त्यांच्या डावात हसत हसत 'यू चीट!' म्हटलं तर तेही चालतं. पण 'यू आर चीटिंग मी' म्हटलं, म्हणजे पुढे 'मला' जोडलं, की ते वाक्य खेळातून उठून थेट पोलीस चौकीपर्यंत जातं. माझ्या हक्काचं तू लबाडीने काढून घेतेस, असा त्याचा अर्थ होतो. या शब्दाचा जन्मच तसा आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये कोणी वारस न ठेवता मेला की त्याची जमीन राजाकडे जमा व्हायची. त्या प्रकाराला 'एस्चीट' म्हणत. ती जमा करणारे अधिकारी इतके बदनाम झाले की त्या शब्दाच्या शेपटीतून 'चीट' निघाला. दुसऱ्याचं बळकावणं हे त्या शब्दाच्या मुळाशीच आहे.

आणि तो तुम्ही कुठे वापरलात तेही पाहा. केअररच्या हातात म्हाताऱ्या माणसांची पाकिटं असतात, औषधांच्या नोंदी असतात, सह्या असतात. तिथे प्रामाणिकपणा हीच नोकरीची पहिली अट. अशा ठिकाणी चारचौघांत तो शब्द काढणं म्हणजे आपल्याकडे एखादीला 'तू माझा केसाने गळा कापलास' म्हणण्यासारखं आहे. ती रडली ते नाटक असेल असं मला वाटत नाही. तुम्ही चिडलात तेही नाटक नव्हतं.

म्हणून आधी तिच्याशी बोला. हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी सोपवण्याच्या वेळी नको, तेव्हा सगळे उभे असतात. शिफ्ट सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी, किंवा चहाच्या सुट्टीत, दोघीच असताना. वाक्य साधं ठेवा: 'आय यूज्ड द राँग वर्ड. आय डिडन्ट मीन यू आर डिसऑनेस्ट.' मी चुकीचा शब्द वापरला, तू अप्रामाणिक आहेस असं मला म्हणायचं नव्हतं. इथे थांबून तिला बोलू द्या. मग दुसरं वाक्य, तेवढंच शांतपणे: 'बट आय वॉज लेफ्ट विथ टू रूम्स ऑफ लॉन्ड्री अँड अ वॉश, अँड इट वॉज द थर्ड टाइम.' या दुसऱ्या वाक्यात आरोपाचा एकही शब्द नाही. फक्त काय झालं आणि कितव्यांदा झालं एवढंच आहे. माफी शब्दाबद्दल मागायची, मुद्द्याबद्दल मागायची नाही. ही दोन वाक्यं आरशासमोर म्हणून बघा, कारण माफी मागताना आपल्याकडच्या बायकांना मुद्दाही सोडून द्यायची सवय असते, आणि ती सवय मला फार सलते.

नंतर पुन्हा तसं झालं, तर मॅनेजरला तारीख, वेळ आणि राहिलेलं काम लिहून द्या. विशेषण एकही नको. तुमच्या वहीत कदाचित 'स्किव्हिंग' हा शब्द असेल. काम टाळून सटकणं याला तिथे तोच शब्द आहे आणि खरं तर तुमच्या सहकारीला तोच जास्त लागू होता. पण तोही नका वापरू. घड्याळातली वेळ लिहिलीत की कामचुकारपणा वाचणाऱ्याला आपोआप दिसतो.

आता त्या आजोबांकडे वळू. तुमच्या पत्रातली ही गोष्ट मला सगळ्यात हळवी वाटली. एक म्हातारा माणूस रोज तुमच्यासाठी एक थाप तयार ठेवतो आणि तुम्ही रोज घाबरता. मराठीत पाय ओढणं म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणं. इंग्रजीत पाय ओढणं म्हणजे निव्वळ थट्टा. आपल्या 'फिरकी घेणे'ला अगदी जवळचं. 'वाइंडिंग यू अप', 'हॅविंग यू ऑन', 'टेकिंग द मिकी' हेही त्याच घरातले, फक्त 'मिकी'त थोडा बोचरेपणा असू शकतो. तुमच्या वहीत हे सगळे 'फसवणे' या एकाच मथळ्याखाली बसलेत, असा माझा अंदाज आहे. वहीचा घोटाळा तिथेच झालाय.

ओळखायचं कसं? मी एकच प्रश्न विचारते: यात कोणाचं काही जातंय का? पैसे, वेळ, सही, नाव, झोप? काहीच जात नसेल तर ती फिरकी. जात असेल तर ती फसवणूक, मग ती कितीही हसत सांगितलेली असो. त्या आजोबांच्या थापेत तुमचं काय गेलं? काही नाही. उलट, केअर होममधल्या लांबलचक दिवसात त्यांना थट्टा करावीशी वाटणारं माणूस तुम्ही आहात. 'इथे माझ्यावर सगळे हसतात' हे तुमच्या पत्रामागचं गृहीतक एकदा बाहेर काढून, उजेडात धरून बघा. निदान या आजोबांच्या बाबतीत तरी ते टिकत नाही.

दुसरं गृहीतक वहीत आहे. स्लँग बोलता आली की आपण त्यांच्यातले होऊ, असं तुम्हाला वाटतं. मला हे पटत नाही. पुण्यात नवीन आलेला माणूस दुसऱ्याच दिवशी 'मला कात्रजचा घाट दाखवू नका' म्हणू लागला तर ऐकणाऱ्याला कसं वाटेल? शब्द बरोबर असेल, पण त्याने तो कमावलेला नसतो. तसंच हे. स्लँग बोलायची घाई नको. ऐकू मात्र यायलाच हवी, आणि तुमच्या नोकरीत तर फारच.

समजा, उद्या एखाद्या आजी तुम्हाला सकाळी कपडे घालताना म्हणाल्या, 'माय नेफ्यू टूक मी टू द क्लीनर्स.' तुमच्या डोळ्यांसमोर काय येईल? पुतण्या त्यांना लॉन्ड्रीत घेऊन गेला, कोट ड्रायक्लीन करायला. तुम्ही 'हाऊ नाइस' म्हणून केसांना फणी लावाल. आणि त्या सांगत असतात की पुतण्याने त्यांना लुबाडून पार मोकळं केलं. 'ही क्लीन्ड मी आऊट' म्हटलं तरी तेच, त्यात कपाट आवरलेलं नसतं, खातं रिकामं केलेलं असतं. त्या पिढीतली माणसं फसवणुकीबद्दल सरळ शब्दांत फारसं बोलत नाहीत, लाज वाटते. 'आय हॅव बीन डन', 'आय वॉज हॅड' असं तीन-चार शब्दांत सांगतात आणि खिडकीबाहेर बघतात. 'डन' म्हणजे 'झालं' असं समजून तुम्ही पुढच्या कामाला लागलात, तर ते बोलणं तिथेच विरून जाईल.

इंग्लंडच्या २०१४ च्या केअर कायद्यात पैशांच्या बाबतीतला छळ हासुद्धा छळच धरला आहे. त्यात फसवून पैसे काढणंही आलं. तुम्ही चौकशी करायची नाही, पुतण्याला विचारायचं नाही, आजींना विसर पडतो म्हणून स्वतःच निकालही लावायचा नाही. त्याच दिवशी सीनियरला सांगायचं आणि नोंदीत त्यांचे शब्द जसेच्या तसे अवतरणचिन्हांत लिहायचे. अर्थ कळला नसेल तरी लिहा, कळणारा वाचेल. तुमच्या दीडशे शब्दांमागे माझ्या मते हे खरं कारण असायला हवं. हे कारण धरलंत तर वही आपोआप वेगळी होईल.

अशी कानासाठीची वही करायची तर शब्दांमागचं चित्र लिहा. पाठांतरापेक्षा ते जास्त टिकतं, आणि बरीचशी चित्रं तुमच्या ओळखीची निघतील. 'फ्लीस्ड' म्हणजे मेंढीसारखी लोकर कातरून घेतली, आपण बकरा बनवतो, ते मेंढी करतात. 'हूडविंक' म्हणजे डोळ्यांवर टोपडं ओढलं, 'पुलिंग द वूल ओव्हर माय आइज' म्हणजे डोळ्यांवर लोकर ओढली. आपण डोळ्यांत धूळ फेकतो. 'ऑन द फिडल' ऐकलं तर सारंगी-व्हायोलिन शोधू नका, कोणीतरी हिशेबात, पावत्यांत खाडाखोड करतंय असा तो संशय आहे. 'स्टिच अप' म्हणजे शिवणकाम नाही, निरपराध माणसाला अडकवणं. 'डॉजी' म्हणजे भरवशाचा नसलेला, मग तो माणूस असो, फोन असो की मासळी. 'टेलिंग पोर्कीज' म्हणजे थापा मारणं. लंडनच्या कॉकनी बोलीत यमक जुळवून शब्द लपवतात, 'लाइज'ला 'पोर्क पाइज' जुळवलं आणि त्याचं झालं पोर्कीज.

'कॉन' या शब्दाची गोष्ट मात्र पूर्ण सांगते, कारण ती तुमच्या आजी-आजोबांच्या कामाची आहे. १८४९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्पसन नावाचा माणूस पकडला गेला. चांगल्या कपड्यांत तो अनोळखी माणसाशी ओळख असल्यासारखा बोलायचा आणि विचारायचा, 'तुमचं घड्याळ उद्यापर्यंत माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास आहे का माझ्यावर?' लोक घड्याळ द्यायचे. वर्तमानपत्रांनी त्याला 'कॉन्फिडन्स मॅन' म्हटलं, त्याचं पुढे 'कॉन' झालं. त्याने कोणाला दमदाटी केली नाही, विश्वास मागितला. केअर होममध्ये टेलिफोनवर 'बँकेतून बोलतोय' म्हणणारा आवाज आजही तेच मागतो. रहिवाशांपैकी कोणी फोनवर पाकिटातलं कार्ड काढून आकडे वाचताना दिसलं तर हे घड्याळ आठवा.

आता धुण्याबद्दल. कपबश्या राहिल्या म्हणून तुम्ही अजून स्वतःला बोल लावताय. पण बघा, मराठीत आपण भांडी घासतो आणि विसळतो, कपडे धुतो आणि पिळतो, आजाऱ्याचं अंग पुसतो, सकाळी तोंड धुतो, सणाला न्हातो. वस्तू बदलली की क्रियापद बदलतं. इंग्रजी एकाच 'वॉश'वर सगळं भागवते आणि फक्त शेपूट बदलते. 'द वॉशिंग' म्हणजे कपडे, 'द वॉशिंग अप' म्हणजे भांडी, 'गिव्ह हर अ वॉश' म्हणजे त्यांचं अंग पुसून, हातपाय-तोंड धुऊन द्या. इतक्या नेमक्या भाषेतून तुम्ही गेलात म्हणून अडखळलात. आणि ही शेपटं इंग्रजी बोलणाऱ्यांनाही फसवतात. अमेरिकेत 'वॉश अप' म्हणजे हात-तोंड धुणं. तुमच्याकडे एखादी अमेरिकन केअरर आली तर तिचाही पहिला आठवडा तुमच्यासारखाच जाईल.

सगळ्यात धोक्याचं मात्र हात धुणं. मराठीत 'सगळ्यांनी हात धुऊन घेतले' म्हणजे सगळ्यांनी आपापला फायदा करून घेतला. इंग्रजीत 'दे वॉश्ड देअर हँड्स ऑफ इट' म्हणजे सगळ्यांनी अंग काढून घेतलं, हात झटकले. नेमका उलटा अर्थ. हे वाक्य मराठीतून उचलून तिथे कधीच ठेवू नका. तशीच काळजी 'व्हाईटवॉश'ची. क्रिकेटमुळे आपल्याला तो शब्द निर्भेळ विजयाचा वाटतो, पण तपासणीच्या अहवालाला कोणी व्हाईटवॉश म्हटलं तर दोष चुन्याखाली झाकले असा तो आरोप आहे. 'दॅट वोन्ट वॉश' म्हणजे ही सबब चालणार नाही. 'मनी लाँडरिंग' तर आपल्या बातम्यांतही रोज येतं. ते अमेरिकेतल्या वॉटरगेट प्रकरणात १९७३ च्या सुमारास गाजलं आणि जगभर गेलं. आपण त्याला काळ्याचं पांढरं करणं म्हणतो, तेही धुण्याचंच चित्र.

एक गोष्ट मला तुम्हाला आवर्जून सांगायची आहे. या व्यवहारात तुम्ही फक्त घेणाऱ्या नाही आहात. 'शॅम्पू' हा शब्द आपल्या उपखंडातला, चांपणं-चेपणं याचा. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रायटनला मालिश आणि वाफाऱ्याचं स्नानगृह काढलं, आणि चौथ्या जॉर्ज राजाने त्यांना आपले 'शॅम्पूइंग सर्जन' नेमलं. तेव्हा शॅम्पू म्हणजे मालिश होती, केस धुणं नंतर आलं. ब्रिटिश आरमारातले खलाशी कपडे धुण्याला अजून 'धोबी' म्हणतात. तुमच्या रहिवाशांत कोणी जुने खलाशी असतील तर त्यांना विचारा, चेहरा खुलेल. आणि 'ठग' तर थेट आपला. इंग्रजीत जाताना त्यातली फसवणूक गळून गेली, मारहाण उरली. तिथे 'थग' म्हणजे गुंड. म्हणून एखाद्या लबाड दुकानदाराला थग म्हणालात तर तो तुम्हाला मारायला धावला असं लोक समजतील. आणि कोणाला 'फोर ट्वेंटी'ही म्हणू नका. आपलं कलम ४२० तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१८ मध्ये गेलंय, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांत तो आकडा गांजा ओढण्याशी जोडलेला आहे.

राहिला घरातला वाद. तुमचे यजमान तुम्हाला दुखापत होऊ नये म्हणून गप्प राहायला सांगतात, हे मला दिसतं. पण केअररने गप्प राहून कसं चालेल? ज्या माणसाचं अंग आपण पुसतो त्याच्याशी कामापुरतं बोलणं हे त्या माणसावर अन्याय करणारं आहे, आणि तुम्हालाही आतून वाळवून टाकणारं. त्यांना विचारा, दिवसभर गप्प राहून घरी आलेली बायको त्यांना चालेल का.

मुलगा शाळेतून जी स्लँग आणतो ती त्याच्या वयाची आहे. तो 'नो कॅप' म्हणत असेल, म्हणजे थाप नाही, खरं सांगतोय. आफ्रिकन-अमेरिकन बोलीतून आलेला शब्द. आपल्या टोपी घालण्याशी त्याचं काही नातं नाही, पण लक्षात ठेवायला सोपं जाईल. ऐंशी वर्षांच्या आजींपुढे तो काढू नका. मुलाकडून मात्र एक मदत घ्या. रोज रात्री दिवसभरात ऐकलेलं एक वाक्य त्याला सांगा: कोण म्हणालं, कोणाला, कशावरून, आणि ऐकणारा हसला की गप्प झाला. हे चार तपशील वहीत शब्दासमोर लिहा. दीडशे शब्दांपैकी बोलण्यात वापरायचे किती? माझ्या मते येत्या वर्षभरात दोन-तीन पुरेत, आणि तेही तुमच्याशी बोलताना कोणीतरी प्रेमाने वापरलेले. बाकीचे ऐकायचे. अर्थ लागला नाही तर 'सॉरी, आय डोन्ट नो दॅट वन' म्हणायचं. 'व्हॉट डू यू मीन?' टाळा, आवाज जरा चढला की ते भांडणासारखं ऐकू येतं.

तर या आठवड्यात सहकारीशी ती दोन वाक्यं. आणि पुढच्या वेळी आजोबा थाप मारतील तेव्हा त्यांना सांगा की माझ्या गावाकडे याला 'फिरकी घेणं' म्हणतात. 'फिरकी' त्यांच्याकडून नीट म्हणवून घ्या, 'फ' जमायला वेळ लागेल.